"छप्पन साली आपण जगात चौथे होतो": एका खऱ्या वाक्याची तपासणी



पेटची तयारी करणाऱ्या किंवा सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या निम्म्या मित्रमैत्रिणींच्या शीर्षकात एक शब्द हमखास असतो: 'तुलनात्मक अभ्यास'. माझ्याही होता. आजचा लेख या शब्दावर आहे. पण सुरुवात सिनॉप्सिसपासून नाही, आमच्या रिठदच्या घरातल्या ओसरीपासून करते.

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेले होते. मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, निवृत्त शिक्षक. 'मैदान' हा २०२४ चा सिनेमा त्यांनी नुकताच मोबाईलवर पाहिला होता आणि ते एकदम भारावले होते. माझा चुलतभाऊ बारावीत आहे, रात्री जागून युरोपातल्या मॅचेस बघतो. दोघांची जुंपली.

"छप्पन साली आपण जगात चौथे होतो. जगात! अन् आता पाहा," मोठे बाबा म्हणाले.

"बाबा, ते जुनं झालं. छेत्रीनं चौऱ्याण्णव गोल मारले. तुमच्या त्या नेव्हिलनं ऑलिम्पिकमंधी किती मारले? चार!"

"चार, पण तीन मॅचमंधी!"

"मंग? चौऱ्याण्णव ते चौऱ्याण्णवच ना!"

मग मोठे बाबा माझ्याकडे वळले. "सांग व माय, तू डॉक्टर होऊन राह्यली ना यातली?"

मी "बघून सांगते" म्हणाले आणि चहा ठेवायला आत गेले. खरं कारण वेगळं होतं. दोनच आठवड्यांपूर्वी माझा सिनॉप्सिस समितीकडून परत आला होता. विषय होता, १९५० च्या दशकात रोव्हर्स चषकात खेळणारे आघाडीचे खेळाडू आणि आजच्या लीगमधले आघाडीचे खेळाडू यांचा तुलनात्मक अभ्यास. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी एकच प्रश्न विचारला, "तुलनेचा पाया काय?" मी म्हणाले, "सर, दोघंही आघाडीचे खेळाडू आहेत." ते म्हणाले, "एकानं ज्वारी पायलीनं मोजली, दुसऱ्यानं किलोनं. दोघांकडेही ज्वारीच आहे. जास्त कुणाकडे, ते कसं सांगणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मोठे बाबा आणि चुलतभाऊ ओसरीवर तेच करत होते, जे मी चाळीस पानांत केलं होतं. म्हणून त्या दोघांचा वाद मी खरंच तपासायला घेतला. जे हाती लागलं ते तुमच्यासमोर ठेवते.

'चौथे' म्हणजे नक्की काय?

पहिली गोष्ट, मोठ्या बाबांचं वाक्य खोटं नाही. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारतीय फुटबॉल संघ चौथा आला. प्रशिक्षक होते सय्यद अब्दुल रहीम. हे नोंदलेलं आहे, त्यावर वाद नाही. पण संशोधनात वाक्य खरं आहे एवढ्यावर भागत नाही. त्यातला प्रत्येक शब्द कशाच्या जोरावर उभा आहे, ते बघावं लागतं.

'जगात' हा शब्द घ्या. त्या स्पर्धेत प्रत्यक्ष खेळले ११ संघ. त्या काळी ऑलिम्पिक फक्त हौशी खेळाडूंसाठी होतं, पैसे घेऊन खेळणाऱ्यांना तिथे प्रवेश नव्हता. त्यामुळे ज्या देशांत व्यावसायिक लीग होत्या, त्यांचे सगळ्यात चांगले खेळाडू तिथे येऊच शकत नव्हते. पूर्व युरोपातल्या देशांत खेळाडू कागदोपत्री सैन्यात किंवा सरकारी नोकरीत असायचे, म्हणून ते 'हौशी' ठरायचे आणि पूर्ण ताकदीने उतरायचे. म्हणजे 'जगात' या शब्दाचा खरा अर्थ होतो: जे हौशी ठरले, जे मेलबर्नपर्यंत पोचले आणि ज्यांनी माघार घेतली नाही, अशा ११ संघांत.

आता 'चौथे' बघू. पहिल्या फेरीत भारताची गाठ हंगेरीशी होती. त्या वर्षी सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये घुसले होते, हंगेरीचा फुटबॉल संघ आलाच नाही आणि भारताला पुढची चाल मिळाली. दुसऱ्या सामन्यात भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवलं. नेव्हिल डिसूझाने तीन गोल केले. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. मूळचा गोव्यातल्या आसगावचा आणि फुटबॉल गाजवलं मुंबईच्या मैदानांवर, म्हणजे आपल्याच मुलखातला माणूस. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाकडून १-४ आणि कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाकडून ०-३ असा पराभव झाला.

मोजून बघा. प्रत्यक्ष खेळलेले सामने तीन, विजय एक, पराभव दोन. केलेले गोल ५, खाल्लेले गोल ९. जगातला चौथा क्रमांक एका विजयावर उभा आहे.

लगेच मोठ्या बाबांवर हसू नका. इथे थांबलो तर आपणही तीच चूक करू, फक्त उलट्या बाजूने.

तोच मापदंड, वेगळी वर्षं

संशोधनात आपण 'सप्रमाणता' शिकतो. म्हणजे जे मोजायचं म्हणतो, तेच मोजलं जातंय का? प्रश्न असा की 'क्रमांक' हा आकडा संघाची ताकद मोजतो का? हे तपासायचं तर एकाच संघाची आजूबाजूची वर्षं शेजारी ठेवायची.

१९५२, हेलसिंकी. भारताचा पहिलाच सामना युगोस्लाव्हियाशी आणि निकाल १-१०. भारताचे बरेच खेळाडू अनवाणी खेळले होते. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. १९५६, मेलबर्न. तोच प्रतिस्पर्धी, तीच स्पर्धा. निकाल १-४, आणि दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीला डिसूझाच्या गोलमुळे भारत काही मिनिटं आघाडीवर होता. १९६०, रोम. भारताच्या गटात हंगेरी, फ्रान्स आणि पेरू. हंगेरीकडून १-२, फ्रान्सशी १-१ बरोबरी, पेरूकडून १-३. गटातून एकच संघ पुढे जाणार होता, त्यामुळे भारत बाहेर.

क्रमांक बघितला तर १९५६ म्हणजे शिखर आणि १९६० म्हणजे घसरण. गोल बघा. १९५६ मध्ये ५ केले, ९ खाल्ले: फरक उणे ४. १९६० मध्ये ३ केले, ६ खाल्ले: फरक उणे ३. रोममध्ये ज्या हंगेरीने आपल्याला एका गोलने हरवलं, तिने त्या स्पर्धेत कांस्यपदक मिळवलं. म्हणजे जो संघ गटातच बाद झाला, तो जगात चौथ्या आलेल्या संघापेक्षा फार वाईट खेळला असं म्हणायला आकडे तयार नाहीत.

याचा अर्थ १९६० चा संघ सरस होता असाही नाही. तीन-तीन सामन्यांवर तसं ठरवता येत नाही. अर्थ इतकाच की 'क्रमांक' या आकड्यात संघाच्या ताकदीबरोबर आणखी बरंच काही मिसळलेलं आहे: कोण आलं नाही, सोडत कशी निघाली, गटातून किती जण पुढे जाणार होते. माझ्या सिनॉप्सिसमध्ये मी 'विजेतेपदांची संख्या' हे चल कौशल्याचं माप म्हणून घेतलं होतं. त्याची अवस्थाही हीच होती. हैदराबाद पोलीस संघाने १९५० ते १९५४ सलग पाच वेळा रोव्हर्स चषक जिंकला. प्रशिक्षक तेच रहीम. हा पराक्रम मोठाच आहे. पण त्या पाच चषकांतला वाटा एखाद्या आघाडीच्या खेळाडूच्या नावावर किती टाकायचा आणि प्रशिक्षकाच्या नावावर किती, हे मी कुठेच लिहिलं नव्हतं.

आणि तरी १९५२ ते १९५६ हा प्रवास बघा. तोच प्रतिस्पर्धी, दोन्ही वेळा त्याने रौप्यपदक घेतलं, दहा गोलांच्या जागी चार. दोन्ही वर्षांचे युगोस्लाव्ह संघ अगदी सारखे नव्हते, हे लक्षात ठेवूनही हा बदल डोळ्यांत भरतो. माझ्या मते १९५६ ची खरी कमाई 'चौथे' या शब्दात नसून या तुलनेत आहे. मोठ्या बाबांना अभिमान बाळगायचा असेल तर जागा ही आहे.

चौऱ्याण्णव आणि चार

आता चुलतभावाकडे येऊ. सुनील छेत्री जून २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्त झाला, तेव्हा त्याच्या नावावर १५१ सामन्यांत ९४ गोल होते. २०२५ मध्ये तो परत संघात आला, पण आपण हिशेब निवृत्तीच्या दिवसाचाच धरू. (ही पण एक सवय लावून घ्या: आकडा कोणत्या तारखेपर्यंतचा आहे, ते आधी लिहायचं. नाहीतर प्रबंध जमा होईपर्यंत तुमचाच तक्ता खोटा पडतो.)

सामन्यामागे गोल काढले तर छेत्री ०.६२ आणि मेलबर्नमधला डिसूझा १.३३. म्हणजे छेद बदलला आणि वादाचा निकाल उलटला. भाऊ अंश सांगत होता, मोठे बाबा छेद सांगत होते.

पण आता एक छोटी कसोटी लावा. दोघांचाही सगळ्यात चांगला एकेक सामना वगळा. डिसूझाची हॅट्ट्रिक काढली की उरतात दोन सामन्यांत एक गोल: ०.५०. छेत्रीची एक हॅट्ट्रिक काढली की उरतात १५० सामन्यांत ९१ गोल: ०.६१. एकाचा आकडा निम्म्याहून खाली आला, दुसऱ्याचा जागचा हलला नाही. याला म्हणतात नमुन्याचा आकार. तीन सामन्यांवरून काढलेली सरासरी बोलते जोरात, पण तिच्या शब्दावर विसंबता येत नाही.

मग छेत्री श्रेष्ठ? थांबा. १५१ सामने खेळायला मिळणं हीसुद्धा काळाची देणगी आहे. छेत्रीची कारकीर्द २००५ पासूनची, म्हणजे वर्षाला सरासरी आठ सामने. दक्षिण आशियाई स्पर्धा, आशियाई चषकाची पात्रता फेरी, विश्वचषकाची पात्रता फेरी, मैत्रीपूर्ण सामने, असं भरगच्च वेळापत्रक. पन्नासच्या दशकात भारतीय संघाला इतके सामने मिळतच नव्हते. शिवाय छेत्रीचे कितीतरी गोल शेजारच्या छोट्या संघांविरुद्ध आहेत, तर डिसूझाचा चौथा गोल रौप्यपदक विजेत्या संघाविरुद्ध आहे. उलट हेही खरं की डिसूझाचे तीन गोल ज्या ऑस्ट्रेलियाविरुद्ध झाले, तो संघ हौशी होता आणि छेत्रीसमोरचे बहुतेक बचावपटू पगार घेऊन रोज सराव करणारे होते.

इथे 'गोल' या शब्दाचीही व्याख्या लागते. पेलेने हजारावा गोल १९ नोव्हेंबर १९६९ रोजी माराकानाच्या मैदानावर केला, हे जगाला ठाऊक आहे. पण त्या हजारात मैत्रीपूर्ण सामने आहेत, सैन्याच्या संघाकडून केलेले गोलसुद्धा आहेत. ब्राझीलकडून अधिकृत आंतरराष्ट्रीय सामन्यांतले त्याचे गोल ७७. दोन्ही आकडे छापले जातात, दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. 'गोल म्हणजे काय' हे आधी न ठरवता पेले आणि मेस्सीचा तक्ता करणारा माणूस पायली आणि किलो एकाच रकान्यात लिहितोय. आपल्या भाषेत, त्याने कार्यात्मक व्याख्या दिलेली नाही.

घड्याळ असलेले खेळ, घड्याळ नसलेले खेळ

काही खेळांत काळ ओलांडून तुलना बरीच सोपी असते. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे घ्या. ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये गोपाळ सैनीने १९८१ मध्ये ८ मिनिटं ३०.८८ सेकंद अशी वेळ दिली होती. हा राष्ट्रीय विक्रम २०१८ पर्यंत टिकला. मग साबळेने ८:२९.८० ची वेळ देऊन तो मोडला आणि पुढे २०२४ मध्ये पॅरिसला तो ८:०९.९१ पर्यंत खाली आणला. बूट बदलले, आहार बदलला, सराव बदलला. पण अंतर तेच, अडथळे तेच, सेकंद तोच. कोण वेगात धावला, हे सांगता येतं.

फुटबॉलमध्ये गोल हा सेकंदासारखा नसतो. गोल म्हणजे अकरा माणसांनी दुसऱ्या अकरांविरुद्ध, त्या दिवसाच्या नियमांत, त्या दिवसाच्या चेंडूने केलेली गोष्ट. विश्वचषकात बदली खेळाडू आणि पिवळी-लाल कार्डं आली ती १९७० मध्ये. त्याआधी एखाद्याने पाय मोडेपर्यंत तुडवलं तरी जखमी माणसाच्या जागी दुसरा उतरू शकत नसे. सहकाऱ्याने पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात घ्यायचा नाही, हा नियम १९९२ चा. म्हणजे 'एक गोल' हे एककच प्रत्येक दशकात थोडं थोडं बदलत आलंय.

मग उपाय काय? संशोधक म्हणतात, खेळाडूची तुलना दुसऱ्या काळातल्या खेळाडूशी थेट करू नका. आधी तो आपल्या काळाच्या किती पुढे होता ते मोजा आणि मग ती अंतरं एकमेकांशी ताडून बघा. हे करून दाखवते. वही-पेन घ्या.

विश्वचषकातले तीन खेळाडू. १९५४ चा हंगेरीचा सांडोर कोचिश, ५ सामन्यांत ११ गोल. १९५८ चा फ्रान्सचा जुस्त फोंतेन, ६ सामन्यांत १३. २०२२ चा किलियन एम्बापे, ७ सामन्यांत ८. सामन्यामागे २.२०, २.१७ आणि १.१४. वरवर पाहता जुने दोघं कुठल्या कुठे पुढे.

आता त्या त्या स्पर्धेत गोल किती स्वस्त होते ते बघू. १९५४ मध्ये २६ सामन्यांत १४० गोल झाले, सामन्यामागे ५.३८. १९५८ मध्ये ३५ सामन्यांत १२६, म्हणजे ३.६०. २०२२ मध्ये ६४ सामन्यांत १७२, म्हणजे २.६९. खेळाडूच्या सरासरीला स्पर्धेच्या सरासरीने भागा. कोचिश ०.४१, फोंतेन ०.६०, एम्बापे ०.४३. कोचिश एकदम एम्बापेच्याही खाली गेला.

हा तक्ता मी मार्गदर्शकांना दाखवला असता तर त्यांनी शाबासकी दिली असती, असं मला वाटलं होतं. पण रात्री झोपताना लक्षात आलं की १९५४ ची सरासरी वाढवली कुणी? हंगेरीनेच. त्यांनी ५ सामन्यांत २७ गोल केले. म्हणजे कोचिशने ज्या गोलांमुळे नाव कमावलं, त्याच गोलांचा दंड मी त्याला लावत होते. म्हणून प्रत्येक खेळाडूच्या संघाचे सामने वगळून स्पर्धेची सरासरी परत काढली. १९५४: उरलेल्या २१ सामन्यांत १०३ गोल, ४.९०. १९५८: २९ सामन्यांत ८८, ३.०३. २०२२: ५७ सामन्यांत १४८, २.६०. नवे आकडे: कोचिश ०.४५, फोंतेन ०.७१, एम्बापे ०.४४.

बघा काय झालं. कोचिश आणि एम्बापे यांचा क्रम उलटला. खेळाडू तेच, गोल तेच. बदलला तो फक्त माझा एक निर्णय. फोंतेन मात्र दोन्ही पद्धतींत पहिलाच राहिला.

यातून लिहिण्याजोगा निष्कर्ष असा निघतो: 'आपल्या स्पर्धेच्या तुलनेत फोंतेन या तिघांत पुढे होता, आणि कोचिश-एम्बापे यांच्यात या मापाने फरक करता येत नाही.' हे वाक्य टपरीवर टाळ्या घेणार नाही. पण पद्धत थोडी बदलली तरी ते पडत नाही. संशोधनाच्या भाषेत अशाच निष्कर्षाला किंमत असते. तुमचा निष्कर्ष तुमच्या एका छोट्या निवडीवर उभा आहे का, हे परीक्षकाने विचारण्याआधी स्वतः तपासा.

जे कुणी लिहूनच ठेवलं नाही

या सगळ्या हिशेबात एक मोठं भोक आहे. आपण गोल मोजले, कारण गोल नोंदले गेले. वर्तमानपत्रात निकाल छापून यायचा, गोल करणाऱ्याचं नाव यायचं. किती पास दिले, किती चेंडू हिसकावले, किती धावलं, हे त्या काळी कुणी मोजलंच नाही. त्यामुळे 'पूर्वीचे महान खेळाडू' अशी यादी केली की ती आपोआप आघाडीच्या खेळाडूंनी भरते. बचाव करणारे गळतात. ते कमी होते म्हणून नाही, त्यांच्या कामाचा रकानाच वहीत नव्हता म्हणून.

जर्नैल सिंग यांचं उदाहरण बघा. नाव बचावपटू म्हणून. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत डोक्याला दुखापत झाल्यावर रहीम यांनी त्यांना आघाडीला खेळवलं आणि दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्यांनी गोलही केला. भारत २-१ ने जिंकला. आता आकड्यांच्या तक्त्यात हा माणूस कोणत्या गटात टाकाल? 'बचावपटू' की 'आघाडीचा खेळाडू'? तुमच्या प्रश्नावलीत दोनच चौकोन असतील तर चूक जर्नैल सिंग यांची नाही.

आणि आठवणींचं काय? जुन्या खेळाडूंच्या आणि प्रेक्षकांच्या मुलाखती घ्या, असं आपल्याला सांगतात. जरूर घ्या. कोल्हापुरात जा, शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम किंवा दिलबहारचा सामना बघत बसलेल्या एखाद्या आजोबांना विचारा, पूर्वीचा खेळ कसा होता. भरभरून सांगतील. पण त्यांना आठवतो तो खेळ लक्षात राहण्यासारखा होता म्हणूनच आठवतो. कंटाळवाणा गोलशून्य सामना कुणी साठ वर्षं जपून ठेवत नाही. म्हणजे आजच्या सगळ्या सामन्यांची तुलना आपण कालच्या निवडक सामन्यांशी करतो. मुलाखत हा लोकांना खेळ कसा वाटला याचा उत्तम पुरावा आहे. खेळ कसा होता, याचा तो एकट्याने पुरावा होत नाही.

मग तुलना करूच नये?

माझा सिनॉप्सिस परत आल्यावर एका मैत्रिणीने सल्ला दिला, "सोड ना, काळ वेगळे, तुलना होतच नाही." हे वाक्य ऐकायला समंजस वाटतं. मला ते पळवाट वाटतं. तुलना होतच नाही म्हणालो तर १-१० चं १-४ कसं झालं, हे विचारण्याचा हक्कही गेला. साठीनंतर भारतीय फुटबॉल मागे का पडलं, हा प्रश्नही मग विचारता येणार नाही. १९५१ च्या आशियाई स्पर्धेत फुटबॉलचे सहा संघ होते आणि १९६२ मध्ये आठ. दोन्ही वेळा भारताने सुवर्ण जिंकलं. त्यानंतर आशिया वाढला, जपान-कोरियाने लीग उभ्या केल्या. आपण खाली गेलो की बाकीचे वर आले, की दोन्ही? हा खरा प्रश्न आहे. उत्तर चुकलं तर पैसा आणि मेहनत चुकीच्या जागी जाईल. आपण खाली गेलो असू तर जुनं परत आणायला हवं. बाकीचे वर गेले असतील तर जुनं परत आणून काहीच होणार नाही. 'सुवर्णकाळ परत आणू' अशी भाषणं ऐकताना हा फरक कुणी केलाय का, ते बघा. मला अजून तरी तो फारसा दिसलेला नाही.

म्हणून तुलना करायचीच. फक्त चार गोष्टी आधी लिहून ठेवायच्या: काय मोजतोय, कशाने भागतोय, कोण मोजणीतून गळलंय, आणि माझा एक निर्णय बदलला तर निष्कर्ष टिकतो का.

माझा विषय मी बदलला. आता दोन काळांचे खेळाडू एकमेकांसमोर उभे नाहीत. रोव्हर्स चषकाच्या एका दशकात आघाडीचे खेळाडू आपल्याच काळातल्या बाकीच्यांच्या किती पुढे होते, आणि ते अंतर दरवर्षी वाढत गेलं की कमी झालं, एवढंच बघणार आहे. शीर्षकातून 'तुलनात्मक' हा शब्द काढून टाकला, आणि गंमत म्हणजे तुलना आता कुठे सुरू झाली. समितीची पुढची बैठक व्हायची आहे. काय होतं ते कळवीनच.

सुट्टी संपायच्या आदल्या रात्री हा सगळा हिशेब मोठ्या बाबांना वहीत दाखवला. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला. म्हणाले, "म्हंजे तू माह्या चौथा नंबर कापला."

"कापला नाही मोठे बाबा. १-१० चं १-४ झालं, ते तुमचंच राहिलं."

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग चुलतभावाला हाक मारून म्हणाले, "ऐकलं का बे? चार वर्षांत सहा गोल कमी खाल्ले. तुह्या छेत्रीवाल्या टीमचं असं काही असलं तर ताईले दाखव, मंग बोलू."

भाऊ तेव्हापासून मोबाईलवर जुने निकाल शोधतोय. काल त्याचा मेसेज आला: "ताई, मैत्रीपूर्ण सामने धरायचे का नाही?"

प्रश्न बरोबर आहे. आता तुमची पाळी. तुमच्या सिनॉप्सिसचं शीर्षक समोर घ्या, त्यातला 'तुलनात्मक' शब्द पेन्सिलीने खोडा आणि त्या जागी एका वाक्यात लिहा: कशाची, कशाशी, कोणत्या मापाने. वाक्य जमलं तर खाली टिप्पणीत टाका. नाही जमलं तरी टाका, मिळून बघू.